चष्मा सुटला, पण नजर स्थिर होईना : डोळ्याच्या ऑपरेशननंतर खास भिंगांचा उपाय

चष्मा सुटावा म्हणून डोळ्याचे ऑपरेशन करून घेणे ही आता केवळ शहरी लोकांची गोष्ट राहिलेली नाही. खेड्यापाड्यांतील मुलेमुलीही ते करून घेतात. कोणाला पोलिसात किंवा सैन्यात भरती व्हायचे असते, कोणाचे लग्न ठरत असते, तर कोणाला शेतात घामाने नाकावरून घसरणारा चष्मा नकोसा झालेला असतो. बहुतेकांना या ऑपरेशनचा फायदा होतो व ते समाधानी असतात, हे प्रथमच सांगितले पाहिजे.

परंतु थोड्याजणांचे तसे होत नाही. चष्मा सुटतो, पण नजर स्वच्छ होत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती मोठी वलये दिसतात. मिस्सेच्या वेळी गायनपुस्तकातील एका अक्षराला दोन-तीन सावल्या पडतात. सकाळी एक नंबर तर दिवेलागणीला दुसराच. पुन्हा चष्मा करून पाहिला तरी भागत नाही. काहींच्या बाबतीत हा त्रास ऑपरेशननंतर लगेच सुरू होतो, तर काहींना पाच-दहा वर्षे उत्तम दिसल्यानंतर.

अशी माणसे मग दोन वाटांपैकी एक धरतात. काहीजण घाबरून दुसऱ्या ऑपरेशनसाठी धावतात. काहीजण ‘डोळा गेला तो गेला’ असे समजून गप्प बसतात; वाहन चालवणे सोडतात, वाचणे सोडतात. या दोन्ही वाटा धरण्यापूर्वी एक तिसरी वाट पाहून घ्यावी. ती म्हणजे बिघडलेल्या डोळ्याच्या मापाने घडवलेले भिंग, अर्थात खास काँटॅक्ट लेन्स. या लेखात तिचीच माहिती आपण घेऊ.

डोळ्याची पुढची काच

बुबुळासमोर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्याची रुंदी सुमारे साडेअकरा मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून मागच्या पडद्यावर एकत्र आणण्याचे दोन-तृतीयांश काम हा पडदाच करतो. उरलेले काम आतील नेत्रभिंग करते, ज्याला पुढे मोतीबिंदू होतो ते.

म्हणून पारपटलाचा आकार थोडासा बदलला की चष्म्याचा नंबर बदलतो. ज्याला लांबचे दिसत नाही, त्याचे पारपटल मध्यभागी थोडे सपाट केले की लांबचे दिसू लागते. चष्मा सोडवणाऱ्या बहुतेक ऑपरेशनांचे मूळ तत्त्व एवढेच आहे. पण ही काच गुळगुळीत आणि सारखी असली तरच चित्र स्पष्ट उमटते. तिच्यावर केसाएवढा उंचसखलपणा आला तरी प्रकाश एका बिंदूत न मिळता फाकतो. वलये, सावल्या आणि धूसरपणा येतो तो यातूनच.

ऑपरेशने कशी बदलत गेली

जपानमध्ये डॉ. सातो यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला पारपटलाला आतून आणि बाहेरून बारीक छेद देऊन नंबर कमी करण्याचा प्रयत्न केला. आतील छेदांनी पारपटलाच्या आतल्या थरातील पेशींना इजा झाली. सुरुवातीला बरे दिसणाऱ्या पुष्कळ रोग्यांचे पारपटल अनेक वर्षांनी सुजून पांढरे झाले. डोळ्याच्या ऑपरेशनचा हिशेब एका वर्षात पुरा होत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्यानंतर १९७० च्या दशकात मॉस्कोचे डॉ. फ्योदोरोव यांनी फक्त बाहेरून छेद देण्याची रीत रूढ केली. बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तसे मध्य मोकळा ठेवून चार, आठ किंवा सोळा छेद द्यायचे. याला आर. के. म्हणतात. अमेरिकेत हे ऑपरेशन केलेल्या रोग्यांची दहा वर्षे पाहणी झाली व तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी ४३ डोळ्यांत नंबर उलट दिशेने एक किंवा त्याहून जास्त सरकलेला आढळला. म्हणजे पूर्वी लांबचे दिसत नव्हते, आता जवळचे दिसेना. छेदांमुळे पारपटल अशक्त होते व हळूहळू सपाट होत राहते, हे त्याचे कारण. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर अडकलेले अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स यांनी हेच ऑपरेशन करून घेतले होते. उंचीवरील विरळ हवेत त्यांच्या पारपटलाचा आकार बदलला व त्यांना दिसेनासे झाले. ते कसेबसे वाचले, पण हिमदंशाने एक हात कोपराखाली व दुसऱ्या हाताची बोटे गमावून.

पुढे लेसर आला, आणि त्याच्या मुळाशी एका भारतीयाचा हात आहे. मद्रासमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनी एक्सायमर लेसरचा झोत सोडून पाहिला. तेव्हा आजूबाजूचा भाग न जळता अगदी स्वच्छ खाच पडली. त्या शोधातून लेसरने पारपटल तासण्याची युक्ती निघाली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते श्रीनिवासन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना राष्ट्रीय पदक देण्यात आले.

लेसरच्या दोन मुख्य रीती आहेत. पी. आर. के. मध्ये पारपटलावरची नाजूक कातडी बाजूला करून थेट पृष्ठभाग तासतात. लॅसिकमध्ये पारपटलाचा वरचा पातळ थर वहीच्या पानासारखा उलटवतात, खाली तासतात आणि पान पुन्हा मिटवतात. हल्ली पान न उलटवता लहान छेदातून आतली चकती ओढून काढण्याची स्माईल नावाची रीतही रूढ झाली आहे.

बिघाड कोणकोणते होतात

पहिला बिघाड म्हणजे तासलेला भाग मध्यावरून थोडा सरकलेला असणे, किंवा रात्री बाहुली मोठी होते तेव्हा तिच्यापेक्षा लहान पडणे. मग दिव्याभोवती वलये व झळाळी दिसते.

दुसरा, लॅसिकच्या पानाला सुरकुती पडणे किंवा त्याच्याखाली कातडी वाढणे. हे पान कडेने सांधते, पण मुळासारखे घट्ट कधीच होत नाही. फांदी किंवा बोट जोरात लागून ते कित्येक वर्षांनीही सरकल्याची उदाहरणे आहेत.

तिसरा, डोळे कोरडे पडणे. लेसरने व छेदाने पारपटलातील बारीक मज्जातंतू तुटतात, त्यामुळे अश्रू कमी पाझरतात. बहुतेकांचे हे काही महिन्यांत सुधारते, काहींचे टिकून राहते.

चौथा बिघाड सर्वांत गंभीर. तासून पातळ झालेले पारपटल आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगू लागते. बांध पातळ झाला की तळ्याचे पाणी त्याला फुगवते, तसाच हा प्रकार. लॅसिकनंतरच्या या फुगवट्याची नोंद १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रथम झाली. ज्यांचे पारपटल मुळातच पातळ किंवा शंकूसारखे होण्याच्या मार्गावर असते, त्यांना याचा धोका अधिक असतो.

याशिवाय ज्यांना जखमेमुळे किंवा फुल्यामुळे मृताचे पारपटल बसवलेले आहे, त्यांचीही गोष्ट अशीच आहे. हे रोपण प्रथम १९०५ साली ओलोमौत्स या मध्य युरोपातील गावी यशस्वी झाले आणि तो रोगी चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर होता. नवे पारपटल स्वच्छ असते, परंतु केसाहून बारीक अशा सोळा-एक टाक्यांनी शिवलेले असल्यामुळे ते क्वचितच सारखे बसते. काच स्वच्छ, पण वेडीवाकडी. मग रोगी म्हणतो, ‘डोळा बसवला, पण दिसत नाही.’ डोळा वाया गेलेला नसतो, त्याला भिंगाची गरज असते.

चष्मा का पुरत नाही आणि भिंग का पुरते

चष्म्याची काच गुळगुळीत असते आणि डोळ्यापासून बोटभर दूर असते. सरळ नंबर किंवा सरळ तिरपा नंबर ती दुरुस्त करते. पण पारपटलावर इथे उंचवटा, तिथे खळगा असे असेल तर त्याला उलट जुळेल अशी चष्म्याची काच घडवता येत नाही, आणि डोळा हलला की तिचा मेळही राहत नाही.

आता भाताचे खाचर डोळ्यांसमोर आणा. चिखलणी केलेली जमीन कितीही खालीवर असली, तरी मेर बांधून पाणी कोंडले की वरचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट दिसतो. खालची ढेकळे पाण्यात लपतात. कडक काँटॅक्ट लेन्स हेच करते. तिच्या व पारपटलाच्या मधल्या जागेत अश्रूंचे पाणी साठते. पारपटल आणि अश्रू यांची प्रकाश वळवण्याची शक्ती जवळजवळ सारखी असल्यामुळे खालचा उंचसखलपणा बराचसा पुसला जातो. प्रकाशाला मग पारपटलाऐवजी भिंगाचा गुळगुळीत पृष्ठभाग भेटतो. मऊ लेन्स मात्र पारपटलावर ओल्या कपड्यासारखी पसरते आणि खालच्या खळग्यांचाच आकार घेते. म्हणून अशा डोळ्यांना बाजारातील साधी मऊ लेन्स सहसा उपयोगी पडत नाही.

भिंगांचे प्रकार

१. लहान कडक भिंग : व्यास ९ ते १०.५ मिलिमीटर. ते पारपटलावरच बसते व त्यातून प्राणवायू आत जातो. थोडा बिघाड असल्यास पुरेसे असते. मात्र ऑपरेशनने सपाट झालेल्या पारपटलावर साधे भिंग डुलते व सटकते. म्हणून मध्ये सपाट आणि कडेला खोल असे उलट्या घडणीचे भिंग बनवतात.

२. जोडभिंग : खाली मऊ लेन्स आणि तिच्यावर कडक भिंग. कडक भिंग ज्यांना टोचते त्यांच्यासाठी.

३. मिश्र भिंग : मध्ये कडक, कडेला मऊ, अशी एकसंध घडण.

४. मोठे भिंग : यालाच डॉक्टर स्क्लेरल लेन्स म्हणतात. व्यास साधारण १५ ते २० मिलिमीटर, काही वेळा त्याहूनही अधिक. हे पारपटलाला मुळीच शिवत नाही. मंडपासारखे त्याच्यावरून जाऊन डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. मंडप आणि पारपटल यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जागा राहते व ती खारट शुद्ध पाण्याने भरलेली असते. फार वेड्यावाकड्या झालेल्या, फुगलेल्या किंवा कोरड्या डोळ्यांना याचा विशेष उपयोग होतो, कारण पारपटल दिवसभर पाण्यात राहते. पांढऱ्या भागाला पारपटलाइतकी संवेदना नसते, त्यामुळे एवढे मोठे भिंग असूनही ते लहान भिंगापेक्षा कमी खुपते.

जुनीच कल्पना, नवा माल

मोठे भिंग हे अगदी नवे आहे असे नाही. उलट सर्वांत पहिल्या काँटॅक्ट लेन्स याच जातीच्या होत्या. १८८८ च्या सुमारास झुरिकचे डॉ. फिक व पॅरिसचे डॉ. काल्ट यांनी काचेची मोठी भिंगे रोग्यांच्या डोळ्यांवर बसवून पाहिली. जर्मनीतील ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्याने १८८९ मध्ये आपल्याच डोळ्यांसाठी अशी भिंगे करून घेतली. पण अर्ध्या तासापलीकडे ती त्याला सहन होईनात. काचेतून हवा जात नसल्याने पारपटलाचा श्वास कोंडे. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, ते बराचसा प्राणवायू थेट हवेतून घेते.

१९४८ साली लहान प्लॅस्टिकची भिंगे आली. १९६१ च्या नाताळात प्राग शहरात ओटो विख्टरले या रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून घरीच यंत्र बनवले आणि मऊ लेन्स तयार केल्या. मोठे भिंग मागे पडले. पुढे प्राणवायू आरपार जाऊ देणारे कडक प्लॅस्टिक निघाले व १९८३ पासून त्याची मोठी भिंगे होऊ लागली. संगणकावर चालणाऱ्या लेथमुळे आता प्रत्येक डोळ्याच्या मापाने कड घडवता येते. शंभर वर्षे अडून राहिलेली कल्पना अशी मार्गी लागली.

भिंग बसवण्याची रीत

ही भिंगे चष्म्याच्या दुकानात नंबर सांगून मिळत नाहीत. प्रथम पारपटलाचा नकाशा काढतात. जमिनीच्या मोजणीत चढउताराच्या रेषा काढतात तसाच हा रंगीत नकाशा असतो. यंत्रासमोर हनुवटी ठेवून बसायचे, दुखत काही नाही. मग चाचणीच्या संचातील एक भिंग डोळ्यावर ठेवून अर्धा-एक तास बसवतात, कारण ते हळूहळू थोडे खाली बसते. पिवळ्या-हिरव्या औषधाचा थेंब टाकून भिंग कुठे टेकते, कुठे उचलले आहे हे पाहतात. त्याची कड पांढऱ्या भागावरील रक्तवाहिन्या दाबत असेल तर ती बदलतात. त्यानंतर नंबर काढून भिंग बनवायला देतात. पहिलेच भिंग नेमके जमेल असे नाही. दोन-तीन फेऱ्या होतात. ‘डॉक्टरला येत नाही’ म्हणून मध्येच सोडू नये.

हे काम सर्वत्र होत नाही. नेत्रपेढी व पारपटलाचा स्वतंत्र विभाग असलेल्या मोठ्या नेत्ररुग्णालयांत चौकशी करावी. हैदराबादला डॉ. गुल्लापल्ली राव यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आणि चेन्नईला डॉ. बद्रीनाथ यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेले शंकर नेत्रालय या संस्थांत या कामाचे खास विभाग आहेत. ही भिंगे साध्या चष्म्यापेक्षा कितीतरी महाग असतात व काही वर्षांनी बदलावी लागतात. म्हणून भिंगाची किंमत, पाण्याच्या कुप्यांचा दरमहा खर्च आणि फेऱ्यांचे भाडे हे सर्व आधी विचारून घ्यावे. धर्मादाय रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. ऐपत नसल्यास तिथे संकोच न करता बोलावे.

शेतकऱ्याने घ्यायची काळजी

मोठे भिंग घालण्याची युक्ती अशी : हात साबणाने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करावेत. भिंगाची वाटी परिरक्षक औषध नसलेल्या खारट पाण्याने काठोकाठ भरावी. विहिरीत वाकून पाहावे तसे तोंड जमिनीकडे आडवे करून वाटी डोळ्याला लावावी. डोके वर असेल तर पाणी सांडते व बुडबुडा अडकतो. बुडबुडा दिसल्यास भिंग काढून पुन्हा भरावे. काढण्यासाठी रबराची लहान चूषणी मिळते. ती भिंगाच्या मध्यावर न लावता कडेला लावावी व भिंग तिरपे उचलावे.

पुढील नियम कटाक्षाने पाळावेत :

– भिंगाला विहिरीचे, नळाचे, ओढ्याचे पाणी किंवा थुंकी कधीही लावू नये. साध्या पाण्यात एक सूक्ष्म अमीबा असतो. तो पारपटलात शिरला की महिनोन् महिने उपचार करावे लागतात, कधी डोळाही गमवावा लागतो. उकळलेले पाणी व मीठ यांचे घरगुती पाणीही वापरू नये. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशा घरगुती पाण्यामुळेच पुष्कळांना हा रोग जडला होता.

– उघडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. काटकसर करायची तर ती इथे नको.

– भिंग घालून झोपू नये, आंघोळ करू नये, तळ्यात किंवा नदीत उतरू नये. भात लावणीच्या दिवसांत चिखल उडतो, तेव्हा भिंगावरून बंद कडांचा साधा चष्मा घालावा.

– मळणी, ऊसतोडणी, काजूच्या फांद्या छाटणे व फवारणी या कामांत संरक्षक चष्मा आवश्यकच समजावा. भिंग म्हणजे ढाल नव्हे.

– डोळ्यात औषध किंवा चुना उडाल्यास मात्र पाण्याचा नियम उलटा होतो. क्षणभरही न थांबता मिळेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवावा, भिंग सहज निघत असेल तर काढावे, आणि धूत राहूनच दवाखाना गाठावा. प्रथम डोळा, मग भिंग.

– दुपारनंतर भिंगाखालचे पाणी गढूळ होऊन धुके दिसू लागते, असे काहींचे होते. भिंग काढून स्वच्छ करावे व नव्या पाण्याने भरावे. रोज असे होत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

– डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, चिपडे येणे, नजर अचानक मंद होणे यांपैकी काहीही झाले तर भिंग लगेच काढावे व त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. भिंग व त्याची डबी बरोबर न्यावी.

शेवटच्या नियमाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. शेतात भाताचे कुसळ किंवा उसाचे पान डोळ्याला लागले की त्या ओरखड्यातून बुरशी शिरते. पुष्कळजण औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणतात. त्यांत स्टिरॉईड असेल तर लाली कमी होते, पण आत बुरशीला खतपाणी मिळते. पालाचा रस, आईचे दूध, मध यांचेही तसेच. त्यांनी जंतू वाढतात. ऑपरेशन झालेल्या आणि भिंग घालणाऱ्या डोळ्याला असे प्रयोग मुळीच परवडत नाहीत.

शंका-समाधान

भिंग घातल्याने फुगवटा थांबतो का? – नाही. भिंग नजर देते, रोग थांबवत नाही. फुगवटा वाढत असेल तर ‘ब’ जीवनसत्त्वाच्या दुसऱ्या प्रकाराचे थेंब टाकून अतिनील प्रकाश सोडतात व पारपटलाचे तंतू एकमेकांशी घट्ट जोडतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे निघालेल्या या उपचाराचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी हा उपचार करून मग भिंग बसवणे हा पुष्कळदा योग्य क्रम ठरतो. म्हणून नजर सुधारली तरी ठरलेल्या मुदतीत नकाशा काढत राहावा.

मग दुसरे ऑपरेशनच का नको? – काही बिघाड दुसऱ्या लेसरने सुधारतात. पण आधीच पातळ असलेले पारपटल आणखी तासणे धोक्याचे असते. तासलेले पुन्हा भरता येत नाही. भिंग मात्र न मानवल्यास काढून ठेवता येते. म्हणून आधी भिंग लावून नजर किती येते हे पाहावे, असे पुष्कळ तज्ज्ञ सांगतात.

प्रत्येकाला भिंग चालते का? – नाही. पारपटलाच्या आतल्या थरातील पेशी फार कमी झाल्या असतील, उदाहरणार्थ जुन्या रोपणात, तर मोठ्या भिंगाने सूज येऊ शकते. ज्याचे हात कापतात आणि घरी घालून द्यायला कोणी नाही, त्यानेही आधी विचार करावा. नजर अधू होण्याचे कारण मागच्या पडद्यात किंवा काचबिंदूत असेल तर भिंगाचा उपयोग नाही. सर्व तपासणी त्यासाठीच करायची.

आर. के. किंवा लॅसिक झालेल्याला मोतीबिंदू झाला तर? – ऑपरेशन होते, पण आत बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर नेहमीच्या गणिताने चुकतो. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतानाही पातळ पारपटलामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून पहिल्या ऑपरेशनपूर्वीचे व नंतरचे सर्व कागद सातबारा जपतो तसे जपावेत आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला ‘माझे हे ऑपरेशन झाले आहे’ असे आठवणीने सांगावे.

ऑपरेशनला संमती देण्यापूर्वी

ज्यांच्या घरी हा विचार चालू आहे त्यांनी साधा हिशेब करावा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पारपटल ५४० मायक्रॉन जाड आहे, नंबर ६ आहे. लॅसिकच्या पानाला ११० जातात, एका नंबरामागे साधारण १४ प्रमाणे तासण्यात ८४ जातात. खाली उरतात ३४६. हे ठीक. आता पारपटल ४८० आणि नंबर ९ असेल, तर ११० व १२६ वजा जाऊन उरतात केवळ २४४. खाली किमान २५० राहिलेच पाहिजेत असा जुना दंडक आहे व हल्लीचे पुष्कळ डॉक्टर त्याहून बरेच अधिक राखतात. दुसऱ्या उदाहरणातल्या मुलाने लॅसिक करून घेऊ नये, हे सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. ‘माझी जाडी किती, तासणार किती, उरणार किती’ हे तीन आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत.

वय अठराच्या आत असेल, नंबर वर्षभर स्थिर नसेल, गरोदरपण असेल किंवा आई अंगावर पाजत असेल, तर थांबावे. पारपटल शंकूसारखे होण्याचा रोग घराण्यात असेल किंवा खाजेमुळे डोळे सतत चोळण्याची सवय असेल, तर नकाशा विशेष बारकाईने पाहून घ्यावा. लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी सांगितलेले दिवस ती बंद ठेवावी, नाहीतर नकाशा चुकतो. भरतीसाठी ऑपरेशन करणाऱ्यांनी त्या नोकरीच्या नियमांत ते चालते की नाही, हे जाहिरात व नियमावली वाचून आधी पक्के करावे. आणि नकाशा वाईट आहे म्हणून एखाद्या डॉक्टरने ‘नको’ म्हटले, तर ‘होय’ म्हणणारा डॉक्टर शोधत फिरू नये. नको म्हणणाऱ्याने आपला डोळा वाचवलेला असतो.

ज्यांचे ऑपरेशन पूर्वीच झाले आहे आणि नजर धूसर आहे, त्यांनी एवढे करावे : जुने कागद एकत्र करावेत, पारपटलाचा नकाशा काढून घ्यावा, आणि ‘कडक किंवा मोठे भिंग लावून मला किती दिसेल?’ असा प्रश्न नेत्रतज्ज्ञाला स्पष्टपणे विचारावा. चाचणीचे भिंग डोळ्यावर ठेवल्यावर तक्त्यावरची खालची ओळ वाचता येते की नाही, हे त्याच बैठकीत कळते. आपल्या वाड्यातील एखादा भाऊ, एखादी बहीण अशा त्रासाने घरात बसून असेल, तर त्यांनाही ही माहिती वाचून दाखवावी. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत ती दुसऱ्या कोणी पोहोचवल्याशिवाय पोहोचणार नाही.